जुनी गाडी कधी चालू होते, कधी होत नाही: मीटर, इलेक्ट्रिशियन की स्कॅनर?

सकाळी पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी दुपारी बाजारात अडते आणि मेकॅनिक येईपर्यंत पुन्हा सुरळीत चालू होते. मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, वॅगन आर, सँट्रो अशा पंधरा-वीस वर्षांच्या पेट्रोल गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांना हा त्रास चांगला ठाऊक असतो. बिघाड कायमचा असला तर कोणीही शोधून देतो. अधूनमधून येणारा बिघाड मात्र तपासणीच्या वेळी हजरच नसतो. मग अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, नंतर सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर), नंतर पेट्रोल पंप, आणि पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा तशीच उभी राहते.

पैसे घालण्याआधी तुमच्यासमोर तीन वाटा आहेत: घरी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) घेऊन स्वतः तपासायचं, जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जायचं, किंवा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) असलेलं वर्कशॉप गाठायचं. यातली योग्य वाट गाडी कशी अडते यावरून ठरते, म्हणून आधी तेवढं नीट बघा. किल्ली फिरवल्यावर सेल्फच फिरत नाही, की सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. मेकॅनिकला फोनवर नुसतं 'गाडी चालू होत नाही' सांगितलं, तर तपासणी चुकीच्या टोकापासून सुरू होते.

सेल्फ फिरत नसेल तर

इथे माझं मत ठाम आहे: आधी मल्टिमीटर. ५०० रुपयांच्या आसपास साधा मीटर मिळतो आणि गाडी अडते त्या क्षणी तो तुमच्या हाताशी असतो. इलेक्ट्रिशियन कितीही हुशार असला तरी त्या क्षणी तो तिथे नसतो.

मीटर बॅटरीच्या प्लस-मायनसवर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. त्याहून कमी असतील तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा) किंवा त्याचा पट्टा बघा, कारण नवी बॅटरीही तशीच उतरेल.

खरी उकल होते गाडी अडलेली असताना. किल्ली फिरवून धरली, सेल्फ फिरला नाही आणि मीटर सात-आठ व्होल्टवर आपटला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आतून जाम होतोय. मीटर १२.४ वर ढिम्म राहिला, तर बॅटरीकडून करंट निघतच नाहीये. टर्मिनल, इग्निशन स्विच, रिले (करंटवर चालणारा स्विच) किंवा सोलेनॉइडकडे (सेल्फवरचा, त्याला बॅटरीचा करंट जोडून देणारा स्विच) बोट जातं. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझल्यासारखे झाले तर बॅटरी किंवा तिचं टर्मिनल. दिवे तसेच प्रखर राहिले तर पुढची वायरिंग.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे अर्थिंग. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड पट्टी वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. मुंबईत किंवा कोकणात समुद्राच्या दमट, खारट हवेने तिचे बोल्ट गंजतात आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर धरते. तपासायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर ठेवा (क्लँपवर नको), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. पट्टी आणि टर्मिनल पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून, वर व्हॅसलिन लावायला फारसा खर्च येत नाही. बॅटरी आणि सेल्फ बदलूनही न सुटलेल्या गाड्यांमध्ये मी ही जागा सर्वांत आधी बघायला सांगेन. हे करताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि हात-ओढणी पंखा व पट्ट्यापासून लांब.

मीटरची हद्द सोलेनॉइडपाशी संपते. त्याच्या बारीक वायरवर सेल्फ मारताना पूर्ण व्होल्टेज येतं का, हे बघायला बऱ्याच गाड्यांत खालून हात घालावा लागतो. ते काम इलेक्ट्रिशियनला द्या. बारीक वायरला व्होल्टेज पोचतंय आणि नुसतं 'टक्' होतंय, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन (सेल्फच्या आत करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. चांगला इलेक्ट्रिशियन सेल्फ टेबलावर उघडून कार्बन, बुश बदलून देतो आणि नव्या सेल्फचा खर्च वाचतो. न मोजताच 'बॅटरी गेली' म्हणणाऱ्याकडे मात्र थांबू नका. बॅटरीच्या बऱ्याच दुकानांत लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून तपासणी) करून देतात, ती आधी करून घ्या.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

इथे घरचा मीटर फारसा उपयोगाचा नाही. प्रश्न स्पार्कचा आहे की पेट्रोलचा, हे ठरवायचं असतं. कार्ब्युरेटरची ८०० असेल तर पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटर कॅप (प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागाचं झाकण) आणि प्लगला जाणाऱ्या एचटी वायरींमधली ओल, आणि एप्रिल-मेच्या उन्हात लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होणं, हे ठरलेले संशयित. जुन्या मेकॅनिकला त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटच्या बाजूने दोन-तीन सेकंद पंपाची घुरघुर येते. गाडी अडलेली असताना ती आली नाही, तर फ्यूज, रिले किंवा पंप. सीएनजी गाड्यांमध्ये हा पंप लवकर जातो, कारण बरेच जण टाकीत नावापुरतं पेट्रोल ठेवतात आणि पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच उरत नाही. बहुतेक सीएनजी गाड्या चालू पेट्रोलवरच होतात, त्यामुळे पंप गेला की सिलिंडर भरलेला असूनही गाडी उभी.

घुरघुर येते, पण गरम झाल्यावरच गाडी अडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुटते, तेव्हा क्रँक किंवा कॅम सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारे) आणि स्पार्क तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलचा संशय घ्यावा. स्कॅनरचे पैसे इथेच वसूल होतात, पण कोणता स्कॅनर हे महत्त्वाचं. भारतात ओबीडी-२ (गाडीने आपला बिघाड ठरावीक पद्धतीने स्कॅनरला सांगायची व्यवस्था) सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या अनेक गाड्यांशी मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलतच नाही. त्या कंपनीचं टूल असलेलं वर्कशॉप लागतं. शिवाय मरू घातलेला सेन्सर अनेकदा बिघाडाचा कोड सोडत नाही. म्हणून 'कोड काही नाही' एवढ्यावर परत येऊ नका. सेल्फ फिरत असताना स्क्रीनवर आरपीएम किती दिसतो ते बघायला सांगा. सेल्फ फिरतोय आणि आरपीएम शून्य, म्हणजे सेन्सरचा सिग्नल येत नाही.

डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखलेली नाही. आधी दुसरी किल्ली लावून बघा.

गाडी वर्कशॉपला देताना ती अडते त्या अवस्थेत द्या. थंड असताना अडत असेल तर आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकलाच मारू द्या. गरम झाल्यावर अडत असेल तर दुपारी तासभर चालवून थेट पोचा. सोबत एका कागदावर लिहून द्या: इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, सेल्फचा आवाज कसा आला, पंपाची घुरघुर आली का, आणि धक्का दिल्यावर चालू झाली का. बॅटरी शाबूत असताना धक्क्याने लगेच चालू होत असेल, तर पेट्रोल आणि स्पार्क बहुधा ठीक आहेत आणि इंजिनाऐवजी सेल्फची बाजू तपासायला सांगता येतं.