हात उघडून देतो म्हणून विकलेलं मशीन

लकव्यानंतर ज्या घरात एखाद्याचा हात मुठीत आखडून बसलेला असतो, तिथे करंटचं मशीन विकणारा कधी ना कधी पोचतोच. आमच्या बाबांसाठीही पोचला. मशीन चालू होतं, करंटही देत होतं, त्यामुळे फसवणूक नेमकी कुठे आहे हे बराच काळ कळलंच नाही. दुसऱ्या कुणाचे पैसे आणि त्याहून मोलाचे सुरुवातीचे महिने वाया जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी शास्त्र, कारण सगळी गोम तिथेच आहे. मेंदूला इजा झाली की हात लुळा पडतो, पण मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंत जाणारी नस बहुतेक वेळा शाबूत असते. वरून येणारा हुकूम तेवढा तिच्यापर्यंत पोचत नाही. त्या नसेला कातडीवरून पुरेसा करंट दिला की स्नायू आकसतो आणि बोट हलतं. यात थोतांड काही नाही. डॉक्टर लिबरसन यांनी १९६१ मध्ये याच तत्त्वावर, पाऊल घासत चालणाऱ्या पेशंटचं पाऊल उचलून दाखवलं होतं. या प्रकाराला एनएमईएस म्हणतात, आणि स्नायूकडून प्रत्यक्ष काम करून घ्यायचं असेल तेव्हा एफईएस. टेन्स ही वेगळी गोष्ट. तिचं काम दुखणं कमी करणं. मुंग्या येतील इतपतच करंट, ठोके आखूड आणि झटपट, मध्ये विश्रांती नाही. डबे मात्र जुळे भाऊ: त्याच वायरी, तेच चिकट पॅड, तसाच आकडे दाखवणारा छोटा पडदा. आम्हाला मिळालं टेन्स, आणि विकलं गेलं ते ‘बोटं पुन्हा चालू करणारं’ म्हणून.

आता त्या डेमोबद्दल. माणूस बोलायला गोड. “काका, फक्त हाताकडे बघा,” म्हणाला. पॅड कोपराखाली आतल्या बाजूला लावले, एका हाताने बटण दाबत गेला आणि दुसऱ्या हाताने बाबांचं मनगट अलगद धरलं. काही क्षणांत बोटं उघडली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे फिजिओ मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी मशीनला हातही लावला नाही. बाबांचं मनगट धरलं आणि सावकाश खाली, तळव्याच्या दिशेने वाकवलं. बोटं तश्शीच उघडली. मनगट वर केलं, बोटं मिटली. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून पुढे जातात. मनगट खाली झुकवलं की त्या सैल पडतात आणि आखडलेला पंजाही मोकळा होतो. हे कुणाच्याही हातावर करून बघता येतं. शिवाय पॅडची जागाही सांगण्यासारखी होती. बोटं उघडणारे स्नायू कोपराखाली मागच्या, केसाळ बाजूला असतात. आतल्या बाजूचे मिटवणारे. आखडलेल्या हाताची मूठ आणखी आवळून देणाऱ्या मशीनचं काय करायचं?

त्याने एक फाईलही दाखवली होती, चांगली जाड. त्यातल्या बातम्या खऱ्या, पण त्या भलत्याच उपकरणांच्या. एक होती एआरसी-ईएक्सची, ज्याला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. त्याचा करंट मानेच्या मागून मज्जारज्जूला दिला जातो, तोही मानेच्या मणक्याची अर्धवट इजा झालेल्यांना, आणि त्याच्या मुख्य चाचणीत ६० जण होते. दुसरी बातमी व्हिविस्टिमची, २०२१ मधली. त्यात छातीत शस्त्रक्रियेने यंत्र बसवून मानेतल्या व्हेगस नसेला ठोके देतात, आणि तेही व्यायाम चालू असतानाच. “टेक्नॉलॉजी हीच,” असं म्हणून या दोन्हींच्या पुढे त्याने आमचा डबा ठेवला. शेवटी गरुडाचं चित्र आणि सोनेरी शिक्का असलेलं ‘एफडीए नोंदणी प्रमाणपत्र’. एफडीए असली प्रमाणपत्रं देतच नाही. कंपनीने नाव नोंदवलं म्हणजे उपकरणाला मान्यता मिळाली असंही होत नाही.

बरे झालेल्या पेशंटचे व्हिडिओ होते, ते मी नंतर पुन्हा नीट पाहिले. त्यातले बहुतेक जण लकव्याचा झटका येऊन महिना-दोन महिने झालेले. या काळात हात आपसूकही बराच सुधारतो, सगळ्यात जास्त सुधारणा साधारण पहिल्या तीन महिन्यांतच होते. श्रेय डब्याला.

घरी वापरायला घेतल्यावर मुंग्यांपलीकडे काही होईना. फोन केला की उत्तर ठरलेलं: “लेव्हल वाढवा, ताई.” बाबांच्या त्या हाताला स्पर्श धड कळत नाही, हे त्याला माहीत होतं. वाळत आलेल्या पॅडची एक कड उचलली गेली, सगळा करंट उरलेल्या चतकोर भागातून गेला आणि तिथे लालभडक चट्टा उठून फोड आला. बाबांना पत्ताही नाही. पेसमेकर आहे का, फिट्स येतात का, हे त्या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं. माझा खरा राग यावर आहे. पैशाचा त्यामानाने कमी.

मॅडमनी त्यांचं एनएमईएस मशीन लावलं. पॅड मागच्या बाजूला, थोडं इकडे-तिकडे सरकवत नेमकी जागा शोधली. साधारण ३०० मायक्रोसेकंदांचे ठोके, सेकंदाला ३५ म्हणजे ३५ हर्ट्‌झ, काही सेकंद चालू आणि त्याहून जास्त वेळ बंद, कारण करंटने आकसवलेला स्नायू लवकर थकतो. मनगट टेबलावर सरळ होतं, कुणी धरलेलं नव्हतं, आणि चारही बोटं उघडली. करंट थांबताच परत मिटली. मॅडमनी तेही लपवलं नाही. म्हणाल्या, मशीन उघडेल तेव्हा बाबांनी स्वतः उघडायचा प्रयत्न करायचा, पेला धरायचा, सोडायचा, तरच यातून काही हाती लागेल, आणि किती ते आत्ता सांगता येणार नाही.

आमच्या डब्याच्या पुस्तिकेत मायक्रोसेकंद, हर्ट्‌झ, मिलिअँपिअर (करंट किती ते) यांपैकी काही नव्हतं. नुसत्या ‘लेव्हल’. विकणाऱ्याला हेच तीन आकडे लेखी मागा. डेमोच्या वेळी मनगट टेबलावर टेकवून ठेवा आणि त्याला हात मागे घ्यायला सांगा. पेशंट आधीपासून ज्यांच्याकडे जातो त्या फिजिओंना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना पैसे देण्याआधी मशीन दाखवा. त्यांना दाखवायला विकणारा खळखळ करत असेल, तर पुढे बोलायचंच नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. पॅडचं पाकीट उघडलंत, आता स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेता येत नाही, हे पहिलं उत्तर. पेशंटची इच्छाशक्ती कमी पडते, हे दुसरं. त्यानंतर फोन लागेनासा झाला. लेखी तक्रार केली आहे. डेमोचा व्हिडिओ भावाने काढला होता, त्यात मनगट खाली जाताना स्पष्ट दिसतं. तो तक्रारीसोबत जोडलाय.

मशीन खांद्याच्या दुखण्याला मॅडमच्या देखरेखीखाली वापरतो, त्याला थोडा आराम पडतो. टेन्सच ते, तेवढं करतं. त्याच डब्याची नवी जाहिरात मात्र परवा दिसली. रंग बदललाय, वायरी त्याच, आणि आता तो ‘चेहऱ्याच्या लकव्यावर’ आहे. चेहऱ्याच्या नेहमीच्या लकव्यात, बेल्स पाल्सीत, खुद्द नसच दुखावलेली असते, म्हणजे नस शाबूत असण्याचं वरचं तत्त्वही तिथे लागू पडत नाही.