ओमेगा थर्टी टी टू: आधी झाकण उघडायला सांगा

समोरून पाहिलं तर या घड्याळात काही नाही. फिकट तबकडी, साधे आकडे, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा. घरातल्यांनी हातात घेतलं, 'बरंय' म्हणून परत दिलं. सहा महिने माझंही मत तेच होतं. मग सर्व्हिसिंगला दिलं, घड्याळजींनी मागचं झाकण काढलं आणि भिंग माझ्यापुढे केलं.

आतलं सगळं तांबूस. थर्टी टी टू हे या आतल्या मशीनचं नाव, ती १९३९ मध्ये आली. नावातलं थर्टी म्हणजे तिचा ३० मिलिमीटरचा व्यास. जागा ऐसपैस, म्हणून बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची चाल ठरवणारं चाक, तेही मोठं. मी तेच बघत बसले. त्याच्या कडेनं मोहरीहून लहान स्क्रू आहेत, आणि त्यांतल्या समोरासमोरच्या दोघांच्या डोक्याखाली एकेक पातळसं वॉशर. घड्याळ पुढे पळत असणार, म्हणून कुणीतरी चाक किंचित जड करून ठोके मंदावले. दोन्ही बाजूंनी सारखं, कारण एकाच बाजूला वजन पडलं तर घड्याळ उभं धरल्यावर एक चाल आणि आडवं ठेवल्यावर दुसरी. चिमट्यात ते वॉशर धरायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

शेजारी पॅलेट, म्हणजे दर ठोक्याला चाकाचा दात अडवून सोडणारी छोटी तरफ. त्यात दोन लालचुटुक माणकं बसवलीत, तीही लाखेनं! तासाला १८,००० ठोके, दिवसाला ४ लाख ३२ हजार, आणि धरून ठेवायला चिमूटभर लाख.

एका ब्रिजवर, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर, मात्र लांबलचक ओरखडा आहे आणि तिथल्या स्क्रूची खाच खाल्लेली. बाकीच्या स्क्रूंची डोकी आरशासारखी, त्यामुळे हा एक फारच डोळ्यात येतो. कुणाचा तरी स्क्रूड्रायव्हर घसरलाय. विकणाऱ्यानं तर 'कधी उघडलेलंच नाही' असं छातीठोक सांगितलं होतं. तुम्ही घेणार असाल तर आधी मशीनचा फोटो मागा. तबकडीचे दहा फोटो येतील, त्यांचा उपयोग नाही.

वापरायला सोपं आहे. रोज सकाळी चावी द्यायची, अडली की थांबायचं. पाण्यापासून मात्र जपावं लागतं.

झाकण परत बसवण्याआधी घड्याळजींनी त्याची आतली बाजू दाखवली. सुईनं कोरलेल्या सर्व्हिसिंगच्या खुणा, तीन वेगवेगळ्या हातांच्या. त्यांनी खाली चौथी कोरली.