कल्पना बोलून सुचवाव्यात की लिहून?

अडलेल्या प्रश्नावर चारसहा जणांनी मिळून काही नवं शोधायचं असेल, तर एक तर सगळे एकत्र बसून मोठ्याने ब्रेनस्टॉर्मिंग करतात, नाही तर गप्प बसून कागदावर ब्रेनरायटिंग. मी दोन्ही वापरत आलोय.

ब्रेनस्टॉर्मिंगचे नियम ॲलेक्स ऑस्बर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने घालून दिले. टीका नको, अचाट कल्पनांनाही जागा द्या, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. या नियमांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बोलण्यातून खोलीत जो उत्साह चढतो, तो कागदाने येत नाही हेही खरं.

मला खटकतं ते थांबणं. एका वेळी एकच जण बोलणार. तोवर आपला मुद्दा निसटू नये म्हणून मी तो मनात घोळवत राहतो. त्या नादात समोरच्याचं धड ऐकलं जात नाही आणि नवीनही काही सुचत नाही. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगांतून याच थांबण्यावर बोट ठेवलं होतं. वेगवेगळं बसून विचार करणाऱ्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या एकत्र बसून बोलणाऱ्या गटाच्या कल्पनांपेक्षा जास्त भरतात, हे तर येल विद्यापीठात १९५८ मध्येच दिसलं होतं.

शिवाय पहिला बोलणारा दिशा ठरवून टाकतो. ‘मीटिंगा लांबतात’ हा प्रश्न घ्या. कुणी ‘वेळ ठरवून द्या’ म्हणालं की पुढची सगळी चर्चा घड्याळाभोवती फिरते. कागदावर मात्र एखादा शांतपणे लिहितो, ‘मीटिंग कशाला? टिपण पाठवा.’

बर्न्ड रोरबाख यांची १९६८ ची रीत मला सगळ्यात जमते. सहा जण, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ कल्पना. त्यांत पुनरुक्ती भरपूर असते. पण चौथ्या फेरीच्या सुमारास हाती येणाऱ्या कागदावर सरळ उत्तरं आधीच लिहिलेली असतात, तिसऱ्या कल्पनेपाशी पेन अडतं आणि तिथेच काहीतरी वेगळं सुचतं. निदान माझ्या बाबतीत तरी.

दोघंतिघंच असाल आणि एकमेकांची सवय असेल, तर बोलणंच बरं. प्रश्नच अजून धूसर असेल तरीही आधी बोलून घ्या, नाही तर सहा जण सहा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं लिहीत बसतात.

प्रश्न स्पष्ट असेल तर मात्र मी कागदच काढेन. सहा जण नसले तर चौघांतही भागतं. शेवटच्या फेऱ्यांना थोडा जास्त वेळ द्या, कारण तोवर लिहिण्याआधी वाचायलाच बरंच झालेलं असतं.