डेव्हन, कॉर्निश की सेल्कर्क? मराठवाड्यात कुरळ्या केसांचं मांजर घेण्याआधी

कुरळ्या केसांचं मांजर घ्यायचं मनात असेल तर आधी तीन गोष्टी बघा. मे महिन्यात तुमच्या घरातली सर्वांत थंड खोली किती तापते, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आणि मांजर नीट तपासणारा डॉक्टर किती लांब आहे. रंग, डोळे, चेहरा हे सगळं त्यानंतर. पुण्या-मुंबईला एसीच्या फ्लॅटमध्ये जे मांजर मजेत राहतं, तेच परभणी-लातूरला पत्र्याच्या खोलीत हाल काढतं.

निवड बहुतेक तीन जातींत होते: कॉर्निश रेक्स, डेव्हन रेक्स आणि सेल्कर्क रेक्स. ला पर्म ही चौथी जात, अमेरिकेतली, इथे बाजूला ठेवतो. नावात रेक्स असलं तरी या तिघांचं मूळ एक नाही. कॉर्निश १९५० साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, बॉडमिन मूरच्या परिसरात एका साध्या मांजरीच्या पिल्लांत निघालं. डेव्हन त्यानंतर दहाएक वर्षांनी शेजारच्या डेव्हन परगण्यात, बकफास्टली गावी. दोन्ही एकाच रक्ताची असतील असं समजून त्यांची जोडी लावली, तर पिल्लं सरळ केसांची झाली, म्हणजे जनुकं वेगळी. दोन्ही जातींत कुरळेपणा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. सेल्कर्क १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मोंटानात सापडलं, आणि त्याच्यात एकाच बाजूने जनुक आलं तरी केस कुरळे होतात. म्हणून त्याचा संकर पर्शियन, एक्झॉटिक आणि ब्रिटिश शॉर्टहेअर या दुसऱ्या जातींशी झाला. हे सांगायचं कारण असं की आजारही याच वाटांनी आले आहेत.

ऊन आणि थंडी

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. अशा वेळी सेल्कर्क सर्वांत अडचणीत. त्याचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, दाट, जाड, आणि अंगात पर्शियनचं रक्त. चेहरा चपटा असेल तर श्वासाचीही अडचण. मांजर कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकत नाही. ते तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे. कोमट-गार पाण्याने अंग ओलं करून, पंख्याखाली ठेवून लगेच डॉक्टरकडे न्यावं. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. सेल्कर्क घ्यायचंच असेल तर दुपारी वीज गेली तरी थंड राहणारी एखादी खोली घरात हवी. जुन्या माळवदाच्या घरात ती मिळते, पत्र्याखाली मिळत नाही.

डेव्हन आणि कॉर्निशचे केस अगदी आखूड आणि विरळ. कॉर्निशला तर फक्त आतली मऊ लव असते, वरचे राठ केस जवळजवळ नसतातच. हात फिरवला तर मखमल लागते. दाट कोटाचं ओझं नाही म्हणून उन्हाळा त्यांना सेल्कर्कपेक्षा सोपा जातो. पण कातडी उघडी असते. गच्चीवर उन्हात लोळलं की भाजते, फिकट रंगाच्या मांजराची जास्त. आणि थंडी विसरू नका. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. अंगाची ऊब टिकत नाही म्हणून ही मांजरं चुलीजवळ, गॅसजवळ, देवघरातल्या समईजवळ जाऊन बसतात आणि मिशा जाळून घेतात, कधी कातडीही. खोक्यात वाकळ घालून कोपऱ्यात ठेवा, स्वेटर नको. सतत घासून केस जातात. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतातही झोपायला जागा देऊ नका. ओलसर अंथरूण आणि तेलकट कातडी एकत्र आली की बुरशीला आयतं घर मिळतं.

अंगाची निगा आणि पाणी

‘केस कमी, म्हणून काम कमी’ हा समज डेव्हनच्या बाबतीत खोटा ठरतो. साध्या मांजराचं अंगचं तेल केसांवर पसरतं. डेव्हनचं कातडीवरच साचतं. नखांच्या मुळाशी, काखेत, मानेच्या घडीत तपकिरी चिकट थर येतो आणि त्यात मॅलसेझिया नावाची यीस्ट वाढते. वास येतो, खाज सुटते. कान मोठे, आतून केस कमी, त्यामुळे मळ लवकर भरतो. आठवड्याला एकदा डॉक्टरने दिलेल्या कानाच्या औषधाने, कापसाने पुसावे लागतात. काडी आत घालू नये.

आंघोळ दर आठवड्याला घालायची गरज नसते. कोमट पाण्यात पिळलेलं मऊ फडकं घेऊन अंग, पंजे, घड्या पुसल्या तर दोन तांबे पाणी पुरतं. यीस्ट वाढली असेल तेव्हाच क्लोरहेक्सिडीन-मायकोनॅझोलचा शाम्पू, तोही डॉक्टरच्या सांगण्याने. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. टंचाई ही इथे दर काही वर्षांची गोष्ट आहे. त्या हिशोबात डेव्हन आणि कॉर्निश बसतात. सेल्कर्कला पूर्ण आंघोळ घालायची तर साबण निघेपर्यंत बादल्या लागतात, वर नीट वाळवावं लागतं.

सेल्कर्कचं विंचरणंही वेगळं. विरळ दातांच्या लोखंडी फणीने आठवड्यातून एक-दोनदा, हलक्या हाताने. रोज ब्रश मारला तर कुरळे मोकळे होतात, मुळीच विंचरलं नाही तर काखेत, पोटाखाली गाठी होतात. पिल्लू घेताना आणखी एक गोष्ट माहीत असू द्या: सेल्कर्कचे जन्मजात कुरळे काही महिन्यांनी जातात आणि आठ-दहा महिन्यांच्या सुमारास परत येऊ लागतात. पूर्ण कोट यायला दोनेक वर्षं लागतात.

घरात कुणाला मांजराची ॲलर्जी असेल तर ‘रेक्स चालतं’ म्हणून कुणी सांगेल. ऐकू नका. ॲलर्जी करणारं मुख्य प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत असतं, ते या तिघांतही आहे. आधी त्या माणसाला अशा मांजराजवळ तासभर बसवून बघा.

आजार

इथे थोडं थांबून वाचा, कारण पैसा आणि जीव दोन्ही यात जातात.

डेव्हनमध्ये जन्मजात स्नायूंच्या दुर्बळतेचा आजार आहे. पिल्लू साधारण तीन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत लक्षणं दाखवतं: मान खाली झुकते, थोडं चाललं की दमतं, पुढचे पाय उचलून मागच्यांवर बसतं, आणि घास घशात अडकतो. जीव बहुधा त्या अडकण्यानेच जातो. आई-बाप दोघं वाहक, म्हणजे सदोष जनुक अंगात असलेले, असतील तरच पिल्लाला होतो आणि डीएनए तपासणीने वाहक आधीच कळतात. ती तपासणी न केलेल्या जोडीचं पिल्लू मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही.

दुसरं, डेव्हनच्या काही घराण्यांत व्हिटॅमिन के वर चालणारी रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असते. बाहेरून काही दिसत नाही. नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही तेव्हा कळतं. म्हणून ऑपरेशनआधी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासून घ्यावं. तिसरी गोष्टही रक्ताचीच. जगभर साध्या मांजरांत ए रक्तगट सर्वाधिक आढळतो. डेव्हनमध्ये बी गटाचं प्रमाण फार मोठं आहे, कॉर्निशमध्येही बरंच. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त थोडं जरी चढवलं तरी ते दगावू शकतं. गल्लीतल्या देशी मांजराचं रक्त घेऊन वाचवू, हा मार्ग इथे बंद असतो. गट आधीच तपासून कागद फाईलला लावून ठेवा. पिल्लं काढायचा विचार असेल तर आणखी जपा: बी गटाच्या आईचं पहिलं दूध ए गटाच्या पिल्लाला मारक ठरतं.

सेल्कर्कला पर्शियनकडून आलेली देणगी म्हणजे पीकेडी, मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार. आई किंवा बाप, एकाकडून जनुक आलं तरी पुरतं. गाठी हळूहळू वाढतात, मूत्रपिंड निकामी व्हायला बहुधा मध्यम वय उजाडतं, तोवर घरच्यांचा जीव जडलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात अशा मांजराला पाणी कमी पडलं तर तब्येत झपाट्याने ढासळते. डीएनए तपासणी याचीही आहे. दहा महिन्यांनंतर सोनोग्राफीतही गाठी बहुधा दिसतात.

हृदयाचा एचसीएम, म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत जाड होणं, तिन्ही जातींत नोंदला गेला आहे. कित्येकदा काहीच लक्षण नसतं. मग एके दिवशी मांजर ओरडत मागचे पाय ओढत येतं, पंजे गार पडलेले: रक्ताची गाठ अडकलेली असते. एचसीएमचं निदान इको तपासणीत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत होतं. गुडघ्याची वाटी सरकणं डेव्हनमध्ये आढळतं. मांजर मध्येच पाय उचलून उडी मारत चाललं तर दाखवा.

एकूण बघता कॉर्निशच्या मागे आजारांची यादी मला सर्वांत लहान दिसते.

डेव्हनचे केस अधूनमधून विरळ होतात, ते जातीचं लक्षण. पण गोल चकत्या, खपल्या, आणि त्याच वेळी लेकरांच्या हातावर लाल कडं दिसलं तर तो गजकर्ण. मांजर आणि माणूस दोघांवर एकाच वेळी इलाज लागतो. खोबरेल, कडुनिंबाचं तेल, फिनेल काहीही अंगाला लावू नका, मांजर ते चाटून पोटात घेतं. आणि शेतकऱ्याच्या घरी गुरांच्या गोचिडांचं औषध असतंच, ते किंवा कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावलं तर झटके येऊन मरतं. तापाला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेते.

खाणं तिघांचंही मांसाचंच. दूध-पोळीवर टॉरिन, म्हणजे मांजराला मांसातून मिळणारं गरजेचं द्रव्य, मिळत नाही, त्याने डोळे आणि हृदय खराब होतं. घरात मांसाहार नसेल तर तयार मांजर-खाद्य आणा. डेव्हन-कॉर्निशला वजनाच्या मानाने जास्त खावं लागतं, ऊब राखायला.

कोणी कोणतं घ्यावं

संभाजीनगरला राहत असाल, किंवा परभणी-उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयापासून जवळ असाल, तर तिथल्या दवाखान्यात मांजराचा इको आणि सोनोग्राफी होते का हे आधी विचारून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर गाई-म्हशींत तरबेज असतो, पण रेक्स त्याने पाहिलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.

घरात लेकरं आहेत, दिवसभर कुणी ना कुणी असतं, पुसण्या-साफ करण्याचा कंटाळा नाही: डेव्हन घ्या, पण तपासणीचे कागद पाहूनच. घर मोठं, खेळवायला वेळ आहे, कातडीची कटकट कमी हवी: कॉर्निश. ते कपाटावर चढेल, दार उघडेल, दिवसभर मागे मागे फिरेल. दिवसभर कुलूप असणाऱ्या घरात या दोघांतलं एकही आणू नका. सेल्कर्क स्वभावाने सर्वांत शांत आणि कुशीत बसणारं, मला तिघांत तेच सर्वांत गोड वाटतं. तरी एसी किंवा खरी थंड खोली नसलेल्या घराला मी ते घेऊ नका असंच सांगेन. आणि पहिल्यांदाच मांजर पाळत असाल तर गल्लीतलं एखादं देशी पिल्लू आणून, लस टोचून, नसबंदी करून वर्षभर सांभाळा. या हवेला ते पिढ्यान्‌पिढ्या सरावलेलं आहे.

विकणारे डॉल फेस (लांबट चेहऱ्याच्या) किंवा पंच फेस (चपट्या चेहऱ्याच्या) पर्शियनलाच ‘कुरळं’ म्हणून दाखवतील. मिशा बघा. खऱ्या रेक्सच्या मिशा वळलेल्या, बहुधा आखूड आणि तुटक्या असतात. आई-बाप दोघांना डोळ्यांनी पाहा, एचसीएमचा इको आणि डीएनएचे कागद मागा, आणि बारा आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने किंवा पुण्याहून बसने आणायचं असेल तर दिवाळी ते संक्रांत हा काळ निवडा. चैत्र-वैशाखात पिल्लाचा प्रवास करूच नका. आणल्यावर घरातल्या जुन्या मांजरापासून दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरकडून हृदयाचे ठोके, कान, गुडघे आणि कातडी तपासून घ्या.