सिंगापूर सिटी गॅलरी: फुकट आहे, भारी आहे, पण जमिनीचं बोलत नाहीत

सेंटोसा बेट, मुस्तफाचं दुकान वगैरे उरकलं असेल आणि एखादी सकाळ रिकामी असेल तर मॅक्सवेल रोडवर यूआरएच्या बिल्डिंगमध्ये ही गॅलरी आहे ती बघाच. यूआरए म्हणजे तिथलं शहर नियोजन खातं. तिकीट नाही, एसी मस्त, मॅक्सवेल एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशन जवळच. रविवारी बंद असते तेवढं लक्षात ठेवा.

खरी मजा सेंट्रल एरियाच्या, म्हणजे शहराच्या मध्यभागाच्या, मॉडेलमध्ये. १:४०० स्केल, त्यामुळे एका नजरेत मावतच नाही, वाकून एकेक गल्ली शोधत बसतो माणूस, आणि त्यात नुसत्या आजच्या बिल्डिंगा नाहीत तर पुढे होणाऱ्यापण आहेत. पुणेकर असल्यामुळे जळफळाट झाला हो. आपला २००७ ते २०२७ चा डीपी (विकास आराखडा) मंजूर कधी झाला तर २०१७ मध्ये, म्हणजे निम्मी मुदत संपल्यावर! १९८७ च्या डीपीतला एचसीएमटीआरचा (जलद सार्वजनिक वाहतुकीचा) रिंग रस्ता तर अजून कागदावरच फिरतोय. सिंगापूरचा पहिला कन्सेप्ट प्लॅन, म्हणजे लांब पल्ल्याचा आराखडा, १९७१ चा, नवी टाउनं कुठे आणि एमआरटी कुठून हे त्यात ठरलं आणि १९८७ मध्ये ट्रेन धावलीसुद्धा.

आता तक्रार. हे सगळं जमलं कशाच्या जोरावर, तर १९६६ च्या भूसंपादन कायद्याच्या. १९७३ नंतर बरीच वर्षं भरपाई बाजारभावाने मिळायचीच नाही, ते बदललं २००७ मध्ये. गॅलरीत मला तरी हे कुठे ठळक दिसलं नाही, सगळं कसं गोड गोड. जपानमध्ये किंवा गुजरातच्या टीपी स्कीममध्ये (नगररचना योजनेत) सगळ्यांच्या जमिनी एकत्र करतात, रस्ते-बागांना लागेल तेवढा भाग कापतात आणि उरलेला प्लॉट मूळ मालकाला परत. आपल्या मगरपट्ट्यात तर शेतकऱ्यांनीच साधारण ४०० एकर एकत्र करून सिटी उभी केली. अशी तुलना एका भिंतीवर लावली असती तर काय बहार आली असती! आमचे पुढारी कधी शांघाय कधी सिंगापूर करायला निघतात, पण १९७५ मध्येच सिंगापूरने गर्दीच्या वेळी डाउनटाउनमध्ये गाडी न्यायला पैसे लावले हे सोयीस्कर विसरतात. लक्ष्मी रोडला करून बघा, दुसऱ्या दिवशी मोर्चा.

लहान मुलं मॉडेलपाशी रमतील, बाकीचे बोर्ड वाचायला कंटाळतील. समोरच मॅक्सवेल फूड सेंटर, चिकन राइस खा, पक्के शाकाहारी असाल तर तिथे वेळ न घालवता लिटिल इंडिया गाठा. पाचपैकी चार.