आत्यांसाठी कमोडची उंची ठरवताना: 19 इंच ते 17 इंच (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय 74, उंची 4 फूट 10 इंच. गेल्या श्रावणात मागच्या दारात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की खाली बसायचं नाही आणि गुडघा कमरेच्या वर जाईल अशा बुटक्या जागेवरही बसायचं नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं आहे. तळमजल्यावर मामांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, बसवलेला साधा कमोड होता, त्याची सीट जमिनीपासून पावणेसोळा इंच. वॉकर धरून आत्या त्यावर बसायच्या, पण उठताना दोघांनी काखेत हात घालावा लागायचा. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला बघवत नसे. आयुष्यभर दुसऱ्यांचं केलेली बाई, तिला संडासला जाताना सुनेला हाक मारायची लाज वाटायची.

सगळ्यांनी एकच सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला उंच कमोड लागतो. म्हणून सीट काढून कमोडच्या काठावर बसवायचं 4 इंची प्लास्टिकचं रेझर, म्हणजे उंची वाढवणारी बैठक, आणलं. उंची झाली 19 इंच. पहिल्या दिवशी आत्या एका झटक्यात उठल्या आणि आम्ही सुटलो असं वाटलं.

आठवड्याभरात त्या तक्रार करायला लागल्या. मांड्यांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही. आधी मला वाटलं औषधांमुळं होत असेल. मग एकदा आत जाऊन बघितलं, तर पाय अधांतरी, नुसते अंगठे फरशीला टेकलेले. बसल्यावर टाचा टेकल्या नाहीत तर सगळा भार मांडीच्या मागच्या बाजूवर येतो, तिथं रग लागते, आणि जोर करायला पायांना आधारच उरत नाही. त्यात आत्यांची सत्तर वर्षांची सवय उकिडवं बसायची. उकिडवं बसलं की आतड्याच्या शेवटच्या टोकाचा बाक सरळ होतो आणि पोट लवकर साफ होतं. उंच सीटवर नेमकं उलटं होतं.

मी पायाखाली देवघरातला जुना पाट दिला. ही माझी सर्वांत मोठी चूक. एक तर खुब्याच्या ऑपरेशननंतर पाटावर पाय ठेवला की गुडघा वर येतो, आणि तेच डॉक्टरांनी नको सांगितलेलं. दुसरं, उठताना आत्यांचा पाय पाटाच्या कडेवर पडला आणि पाट सरकला. मी दारात उभी होते म्हणून निभावलं. घरी कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपीवाल्यांना विचारल्याशिवाय पायाखाली काहीही देऊ नका.

त्यानंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी जे करायला लावलं ते आधीच कुणी सांगायला हवं होतं. आत्यांना टणक खुर्चीवर बसवलं, पाय फरशीवर सपाट, आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंत टेप लावली. साडेचौदा इंच. बाथरूममध्ये रबरी चप्पल असते, तिचा अर्धा इंच धरून पंधरा. मग भिंतीला लावलेल्या चौरंगावर एकेक पाट वाढवत आत्यांना बसवून उठवलं. सोळाला हात द्यावा लागला. सतराला त्या स्वतः उठल्या आणि टाचाही टेकलेल्या राहिल्या. अठराला उठणं सोपं झालं, पण टाचा सुटल्या. सतरा ठरलं. या कामाला अर्धा तासही लागला नाही.

शाहूपुरीत कमोड बघायला गेले तेव्हा कळलं की बरेचदा कॅटलॉगमधली उंची नुसत्या भांड्याच्या काठापर्यंत असते. वर सीट बसली की पाऊण ते एक इंच वाढतं. तेव्हा दुकानात झाकण उघडून सीटच्या माथ्यावरून टेप लावा. नवी फरशी भांड्याभोवती नंतर बसणार असेल तर तेवढी उंची कमी होते, तीही वजा करा.

दुकानदाराने 19 इंची पुढं केला. परदेशी नियमात असाच आहे म्हणाला. घरी येऊन वाचलं. अमेरिकेच्या नियमात सीटच्या माथ्यापर्यंत 17 ते 19 इंच आहे. आपल्याकडच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत 450 ते 480 मिलिमीटर, म्हणजे साधारण पावणेअठरा ते एकोणीस. हे आकडे चुकीचे नाहीत. सार्वजनिक ठिकाणी व्हीलचेअरवरून सरकून कमोडवर जाता यावं म्हणून सीट खुर्चीच्या पातळीला यावी लागते. इचलकरंजीचे माझे भाऊ व्हीलचेअरवर असतात. त्यांच्याकडे गादी धरून खुर्ची 19 इंच भरते, म्हणून कमोडही 19 चाच बसवला आणि त्यांना तोच बरोबर आहे. आत्या मात्र चालत जातात आणि पायांवर जोर देऊन उठतात. त्यांच्यासाठी त्यांचा गुडघाच बघायला हवा होता.

भिंतीत टांगायचा कमोड कुठल्याही उंचीवर बसवता येतो, पण आमच्या जुन्या भिंती पांढऱ्या मातीच्या, त्यावर तो भार घ्यायची हिंमत झाली नाही. शेवटी मिस्त्रींनी तोड काढली. साधाच नवा कमोड घ्यायचा आणि खाली ग्रॅनाइटचा चौथरा करायचा. (जुना काढताना फुटला, कारण तो सिमेंटात घट्ट बसवलेला होता. या वेळी बोल्ट आणि सिलिकॉन वापरलं.) स्वयंपाकघराच्या ओट्याचे तुकडे पडून होते, त्याचे दोन थर लावले आणि सीट आली 17 इंच 1 सूत. चौथरा कमोडच्या बुडाच्या आकारातच कापून घेतला. चौकोनी ठेवला असता तर कोपऱ्यात वॉकरचा पाय अडकला असता, बोटंही ठेचली असती. आमचा एस ट्रॅप, पाईप खाली फरशीत जातो, त्यामुळं कनेक्टर थोडा लांब घेऊन भागलं. पाईप मागं भिंतीत जात असेल तर कमोड उचलला की तोंड जुळत नाही, भिंत फोडावी लागते.

आधाराच्या दांड्याबद्दल कळकळीनं सांगते. व्हॅक्यूमनं चिकटणारं हँडल आणू नका. रेझरच्या दिवसांत आम्ही ते आणलं होतं, एक दिवस आत्यांच्या हातातच सुटून आलं. टॉवेलच्या दांडीवरही भार टाकू देऊ नका. मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाहीत, म्हणून मिस्त्रींनी खोबण्या खोदल्या, काँक्रीट भरलं, आठवडाभर पाणी मारलं आणि मग स्टीलचा दांडा लावला. आत्यांच्या उजव्या हाताला, सीटपासून साधारण नऊ इंच वर. मी स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. दार आत उघडायचं ते बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं आणि अंग दाराला अडलं तर बाहेरच्यानं काय करायचं?

आठ महिन्यांनी हिशेब असा. पहिल्या पंधरवड्यानंतर आत्या एकट्या जातात, रात्रीसुद्धा. मुंग्या गेल्या, पोटाची तक्रार बरीच कमी झाली. यजमान 5 फूट 10 इंच, त्यांनाही काही अडचण नाही. त्रास दोन. आत्या बसताना थोड्या एका अंगानं टेकतात, त्यामुळं सीटचे बोल्ट ढिले होतात आणि सीट डावीकडं सरकते. महिन्यातून एकदा मी ते आवळते. आणि पावसाळा लागल्यापासून चौथऱ्याच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलंय, ते काढून बुरशी न धरणारं भरायचंय. जेट मागच्या भिंतीवर ठेवला हे चुकलंच. आत्यांना कंबर वळवायला लागायची, महिन्याभरात तो दांड्याच्या बाजूला पुढं घेतला.

आषाढीला आत्यांची बहीण गडहिंग्लजहून आल्या होत्या, नंदवाळला दर्शनाला. दोन दिवस त्यांनी आमचा कमोड वापरला आणि जाताना म्हणाल्या, असाच मला करून दे. त्या आत्यांपेक्षा चार बोटं उंच. खुर्चीवर बसवून टेप लावली, चपलेसकट सोळा इंच. म्हणजे त्यांना अठराच्या आसपास लागेल. त्यांचा पाईप भिंतीत जातो, चौथरा जमणार नाही, तेव्हा आयता उंच कमोडच बघायला लागेल. रविवारी टेप घेऊन निघाले आहे. चौरंग त्यांच्याकडे आहे.