मांजराची सर्दी, आईचे सायनस आणि बुरशीची खोटी भीती : फोंड्यातील फसवणुकीचा अनुभव

चवथीच्या आधीच्या साफसफाईच्या दिवसांत गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर एक मनुष्य घरोघर फिरून गेला. गळ्यात ओळखपत्र, हातात औषधांची पेटी आणि बोलण्यात सरकारी मोहिमेचा सूर. पाळीव जनावरांची घरपोच तपासणी करतो असे तो सांगे, आणि ज्या घरातले मांजर किंवा कुत्रा शिंकत असेल त्या घरातील माणसांच्या नाकाचीही तो आवर्जून चौकशी करी. आमच्याकडून त्याने साडेअठरा हजार रुपये नेले. त्याहून मोठे नुकसान मांजराच्या डोळ्याचे आणि आईच्या प्रकृतीचे झाले, म्हणून त्याची रीत तपशिलाने लिहीत आहे.

आईला मधुमेह आहे आणि सायनसचा जुना त्रासही. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की तिचे नाक बंद होते आणि कपाळ ठणकते. त्याच सुमारास आमची मांजरी चिंगी शिंकू लागली, तिच्या डोळ्यांत चिपडे येऊ लागली आणि तिने खाणे टाकले. घरात आई आणि वहिनी दोघीच होत्या. त्या माणसाने चिंगीच्या नाकात फिरवलेला कापसाचा बोळा एका कागदी पट्टीवर टेकवला, तशी पट्टी जांभळी झाली. मग मोबाइलला जोडलेला बारीक कॅमेरा आईच्या नाकपुडीत धरून पडद्यावरचे लाल-पांढरे अस्तर दाखवत तो म्हणाला, “मावशी, ही बुरशी आहे. मांजराची तुम्हांला लागली. तुम्हांला साखर आहे, तेव्हा ती डोळ्यापर्यंत चढायला वेळ लागणार नाही.” वहिनींनी बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचा विषय काढताच, तिथे थेट शस्त्रक्रियाच करतील, आपल्याकडे मात्र थेंबांवर भागेल, असे त्याने सांगितले.

या माणसाने नेमके कुठे बोट ठेवले ते समजून घेतले पाहिजे. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘काळी बुरशी’, देशभर फोफावली. ती मुख्यतः मधुमेह आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाली, आणि अनेकांचे डोळे गेले. ज्या घरात मधुमेही माणूस आहे तिथे ती भीती अजून ताजी आहे. परंतु ही बुरशी मांजराकडून माणसाला किंवा माणसाकडून माणसाला लागत नाही. तिचे बीजाणू माती, कुजलेला पाला, हवेतील धूळ यांतून येतात. तिचे निदान कागदी पट्टीवर होत नाही, नाकातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि ऊतीचा तुकडाही तपासावा लागतो. उपचारही इस्पितळातच होतात, शिरेतून दिले जाणारे अँफोटेरिसिन-बी आणि शस्त्रक्रिया. म्हणजे त्याचे निदान खरे मानले असते तरी थेंब देऊन घरी बसवणे हा जिवाशी खेळच ठरला असता.

चिंगीची सर्दी वेगळ्याच जातीची होती. मांजरांच्या बहुतेक सर्दीमागे मांजरांचा हर्पिस विषाणू किंवा कॅलिसी विषाणू असतो, आणि हे दोन्ही माणसाला लागत नाहीत. हर्पिस एकदा शरीरात शिरला की बहुधा जन्मभर सुप्त राहतो आणि मांजरावर ताण आला की डोके वर काढतो. घरातली उलथापालथ, नवी माणसे, सामानाची हलवाहलव एवढे निमित्त त्याला पुरते. प्राण्यांकडून माणसाला काहीच लागत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. पोपटासारख्या पक्ष्यांपासून होणारा सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा आजार खरा आहे, आणि प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेल्यांना कुत्र्या-मांजरांच्या श्वसनमार्गातील बोर्डेटेला हा जिवाणू क्वचित लागू शकतो. अशा थोड्या खऱ्या गोष्टींच्या आधारानेच त्याचे मोठे खोटे उभे राहते.

त्याने दिलेल्या दोन्ही बाटल्यांवर घटक, निर्माता, बॅच क्रमांक, मुदत यांपैकी काहीही छापलेले नव्हते. एक आईच्या नाकासाठी, दुसरी मांजराच्या नाकात आणि डोळ्यांत घालण्यासाठी. आतले पाणी दिसायला आणि वासाला सारखेच होते. पैसे मोबाइलवरून भलत्याच नावाच्या खात्यात घेतले गेले आणि पावती मागितल्यावर “कोर्स संपला की देतो” असे उत्तर आले.

पहिले काही दिवस दोघींनाही बरे वाटले, आणि हाच या फसवणुकीचा सर्वांत घातक भाग आहे. आईचे नाक मोकळे झाले, चिंगीच्या डोळ्यांची लाली उतरली, आणि त्याच वेळी ‘दुसऱ्या टप्प्या’च्या पैशांसाठी त्याचे फोन सुरू झाले. पुढे आईची साखर औषधे चालू असतानाही चढत गेली आणि चिंगीने एक डोळा मिटून घेतला. पशुवैद्यांनी डोळ्यात रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा डोळ्याच्या पारदर्शक पटलावरची जखम हिरवी चमकली. हर्पिस असलेल्या डोळ्यात स्टेरॉइड गेले की सूज आणि लाली तात्पुरती दबते, पण विषाणूला मोकळे रान मिळून जखम खोल जाते, हे त्यांनी समजावून सांगितले. आईला तपासणाऱ्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही थेंबांत स्टेरॉइड असावे आणि त्यानेच साखर चढली असावी, असाच दाट संशय आला. दुर्बिणीतून पाहता त्यांना बुरशी कुठेही दिसली नाही. नाकाचा पडदा वाकडा होता आणि अस्तराला ॲलर्जीची सूज होती. मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास त्यांनी सांगितले, मात्र पाणी उकळून गार केलेलेच हवे, अशी सक्त ताकीद दिली.

चिंगीला डोळ्याचे योग्य औषध आणि वाफारा मिळाला. नाक चोंदलेल्या मांजराला वास येत नाही म्हणून ते खात नाही, आणि काही दिवस उपाशी राहिले तर त्याचे यकृत बिघडते. कोमट केलेला, वास सुटलेला बांगडा पुढे ठेवल्यावर ती जेवू लागली. माणसाची सर्दीची गोळी मांजराला कधीही देऊ नये, कारण पॅरासिटामॉल त्याच्यासाठी विष आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याची नोंदणी असावी लागते. दारात आलेल्याकडे नोंदणी क्रमांक मागावा, आणि जनावरांचा डॉक्टर म्हणवणारा माणसाच्या नाकात हात घालू लागला की त्याला तिथेच थांबवावे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे.

अशी बिननावाची बाटली कोणाच्या घरी असेल तर ती फेकू नये. उरलेल्या औषधासह पुरावा म्हणून जपावी. मधुमेही माणसाने ते थेंब घातले असतील तर साखर आजच तपासून घ्यावी, आणि बरेच दिवस वापर झाला असेल तर थेंब कसे बंद करायचे ते बाटली दाखवून डॉक्टरांनाच विचारावे, कारण स्टेरॉइड एकाएकी थांबवणेही अंगावर येऊ शकते.